सिपोराबाईंचं ‘बराबर’

सिपोराबाईंबद्दल लिहायचं तर एका ॲल्युमिनियमच्या पातेल्याबद्दल लिहावं लागणार, आणि मला नेमकं तेच टाळायचं आहे. म्हणून आधी बाकीचं सांगून घेते. बाकीचं सांगताना माणूस चांगला दिसतो. पातेल्यापाशी आलं की माझं तोंड दिसायला लागेल.

जालन्यातून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याला, वस्ती संपता संपता एक बैठा बंगला आहे. तो एका ज्यू डॉक्टरीणबाईंचा. त्यांनी जन्मभर जालन्यात बाळंतपणं केली आणि जाताना बंगला आपल्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवला. तिथं नऊ जण राहायचे. सगळे बेने इस्राएल, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी मराठी बोलणारी, पण शनिवार पाळणारी ज्यू माणसं. मुलं कुणाची इस्राएलला, कुणाची ठाण्याला. म्हाताऱ्यांची साखर, रक्तदाब, मूत्रपिंडं बघून जेवण ठरवायला मुंबईच्या विश्वस्तांना आहारतज्ज्ञ पाहिजे होती. मी तेव्हा एका खासगी दवाखान्यात ‘मीठ कमी, तेल कमी’ असे कागद भरत बसायचे. मूळची कुंभार पिंपळगावची, लग्न होऊन जालन्यात आलेली. ज्यू लोकांबद्दल मला शाळेच्या पुस्तकातली एक ओळ माहीत होती, आणि तीही परीक्षेनंतर विसरले होते.

पहिल्या दिवशी मी आठवड्याच्या जेवणाचा छापील तक्ता घेऊन गेले. स्वयंपाकघरात एक बुटकी, काटकुळी बाई मोरीकडं पाठ करून उभी होती. चष्म्याला दोरी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिनं तक्ता घेतला, उजेडाला धरला आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून शुक्रवारच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. मी लिहिलं होतं: कोंबडीचा रस्सा, भात, ताक.

“तुझ्या कागदावर यांचं लगीन लागलं,” ती म्हणाली. “माझ्या चुलीवर लागत न्हाई.”

या सिपोराबाई. आश्रमात त्या राहणाऱ्यांपैकी की काम करणाऱ्यांपैकी, हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नसतं. नवरा गेल्यावर राहायला म्हणून आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या किल्ल्या कमरेला लावल्या. वडील रेल्वेत होते, जन्म जालन्याच्या रेल्वे क्वार्टरमधला. त्यामुळे त्यांचं बोलणं माझ्या आईसारखंच होतं, आणि मी मनात ठरवून आलेली परकी, गंभीर ज्यू बाई काही मला भेटलीच नाही.

त्यांनी मला पहिल्या आठवड्यात जे शिकवलं ते सगळं एका पाटीवर मावायचं. मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एकत्र वाढायचं नाही, एका भांड्यात जाऊ द्यायचं नाही. मांसाच्या भांड्यांच्या कड्यांना लाल दोरा, दुधाच्या भांड्यांना पांढरा. घासण्या वेगळ्या, फडकी वेगळी, कपाटं वेगळी. मांस खाल्लं की सहा तास दूध नाही. त्यासाठी दाराशी खरोखरीची शाळेची पाटी टांगलेली होती आणि शुक्रवारी सिपोराबाई तिच्यावर खडूनं लिहायच्या: ‘मांस साडेबारा, दूध साडेसहा.’ एकदा एका आजीबाईंनी सव्वासहाला चहा मागितला. सिपोराबाई घड्याळाखाली खुर्ची टाकून पंधरा मिनिटं त्यांच्याशी गप्पा मारत बसल्या आणि साडेसहाला स्वतः चहा करून दिला. नाही म्हणायची त्यांची ही पद्धत होती.

जालन्यात त्यांच्या विधीनं कोंबडं कापणारं कुणी नव्हतं. महिन्यातून एकदा मुंबईहून हझान यायचे, म्हणजे प्रार्थना सांगणारे गुरुजी. हसनाबादकडून जिवंत कोंबड्या आणवून ठेवलेल्या असायच्या. ते कापून द्यायचे, मग सिपोराबाई मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात ठेवून, धुऊन फ्रीजरमध्ये रचायच्या. एरवी भाजी, वरण, मासे, अंडी. अंडंसुद्धा प्रत्येक वेगळं वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला की टाकून द्यायचं. मेथी पान पान उजेडात धरून निवडायची, किडा पोटात जाता कामा नये म्हणून. आमचे किराणावाले शेठजी मारवाडी जैन. त्यांनी एकदा सिपोराबाईंना दुकानात तूरडाळ दाणा दाणा बघताना पाहिलं आणि हात जोडले. म्हणाले, “बाई, आमच्या घरच्या बायका एवढं बघेनात आता.” तेव्हापासून ते यांच्यासाठी डाळ दोनदा चाळून ठेवायचे आणि गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचे की ज्यू लोक म्हणजे आपल्यातलेच, फक्त कांदा खातात.

शनिवार सोडून रोज सकाळी गॅस मात्र सिपोराबाईच पेटवायच्या. स्वयंपाकाला दोन बाया होत्या, दोघी आमच्याच भागातल्या. त्यांच्या हातचं चालायचं, पण जाळ ज्यू माणसाच्या हातानं लागलेला पाहिजे.

“काडी माझी,” त्या म्हणायच्या. “मंग हात कोणाचा बी असू दे.”

हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं. आता वाटतं, केवढी जागा करून ठेवली होती या बाईनं आम्हा सगळ्यांसाठी.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला त्या कुंभार पिंपळगावला आल्या होत्या. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं की त्या केळं-नारळ खातील, वाईट वाटून घेऊ नको. आईनं कुंभाराकडून कोरं मडकं आणलं, नवी पळी आणली, अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटा मांडल्या आणि लग्नघरातली सगळी धांदल सोडून सिपोराबाईंसमोर बसली.

“काडी तुम्हीच लावा,” आई म्हणाली. “तांदूळ मी तुमच्या डोळ्यांपुढं धुते. बराबर हाय का सांगा.”

माझी आई सहीपुरतं लिहिते. तिला कोशेर, म्हणजे त्यांच्या नियमात बसणारं, हा शब्द मी चारदा सांगूनही आला नव्हता. तिनं एका दुपारपुरता जो नियम पाळला तो मी, पदविका घेतलेली, पगार घेणारी, रोज पाटी वाचणारी, पाळू शकले नाही.

आता आरोननाना. त्यांच्याशिवाय पुढं जाता येत नाही.

नाना रेल्वेत गार्ड होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, उंच, मोडलेल्या छत्रीसारखे वाकलेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही, मुंबईला एक पुतण्या. जेवायला बसले की ताटाला हात लावायच्या आधी सिपोराबाईंकडं बघायचे आणि विचारायचे, “बराबर हाय ना?”

“बराबर हाय, नाना,” सिपोराबाई म्हणायच्या. मगच घास.

मी एकदा त्यांना छेडलं, “नाना, रोज काय विचारता? मावशींचा भरोसा नाही का?”

“भरोसा हाय म्हणून तर इचारतो,” नाना म्हणाले. “गार्डानं हिरवी झेंडी दाखवल्याबिगर गाडी हालत न्हाई. माझी झेंडी तिच्यापाशी.”

एकदा सिपोराबाई तापानं फणफणल्या होत्या. नाना ताटासमोर तीन वाजेपर्यंत बसून राहिले. शेवटी त्या भिंतीला धरून धरून आल्या, पातेली बघितली, ‘बराबर’ म्हणाल्या आणि परत जाऊन पडल्या. मला राग आला होता. तापल्या बाईला उठवायचं आणि मधुमेही म्हाताऱ्यानं उपाशी बसायचं, हा कसला धर्म, असं मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाले. हा राग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढं जे झालं त्याला मी विज्ञान म्हणत होते, पण त्यात हा रागही होता.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नाना खंगले. पायांवर सूज, रक्तातलं प्रथिन उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं वाढवा, नाहीतर कठीण आहे. नानांना जेवण जाईना. रात्रीच्या जेवणात वाटीभर कोंबडीचं सूप मात्र घ्यायचे. मी सिपोराबाईंना म्हटलं, त्यावर एक कपभर दूध देऊ.

“सुपावर दूध?” त्यांनी पाटीकडं बोट केलं. “सकाळी दे.”

“सकाळी त्यांना ओकारी येते.”

“मंग दुपारी दे. सूप रातीला राहू दे. टाइम तू ठरव, पण मधी सहा घंटे सोड.”

त्या इतकं सरळ सांगत होत्या, आणि मी ऐकलं ते एवढंच की दोन्ही स्वयंपाकिणींसमोर मला ‘नाही’ म्हटलं. मी म्हणाले, “मावशी, माणूस जगला तर नियम पाळेल ना!” त्यांनी लाल दोऱ्याचं फडकं पिळून वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला. डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं. दुधापासून बनवलेली, हे ठळक अक्षरात होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. संध्याकाळी सगळे प्रार्थनेला दिवाणखान्यात जमले की स्वयंपाकघरात मी एकटी असायचे. सूप सिपोराबाईंनी चाखून, झाकून ठेवलेलं असायचं. वाटीत पावडर टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून मी पातेल्यातच दोन चमचे टाकून घोटायचे. लाल दोऱ्याचं, लहान, ॲल्युमिनियमचं पातेलं. जेवणं झाली की ते मीच घासून ठेवायचे. सिपोराबाई म्हणायच्या, “डाएटवाली बाई भांडे घासून राह्यली, बघा गं!” आणि कौतुकानं हसायच्या.

आणि मग नाना विचारायचे, “बराबर हाय ना?”

आणि सिपोराबाई म्हणायच्या, “बराबर हाय, नाना.”

मी तिथंच उभी असायचे. पहिल्या दिवशी मी नानांच्या वाटीकडं पाठ केली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून केली नाही. हे मला जास्त बोचतं.

नाना सुधारले. खरोखर सुधारले. सूज उतरली, काठी घेऊन बागेत फिरायला लागले. एका दुपारी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर काठी वर करून म्हणाले, “दवाखान्यानं न्हाई, सिपोराच्या हातानं उठलो मी.” सिपोराबाईंनी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे त्यांच्यातल्या एका जुन्या प्रेषिताला, नवस बोललेला होता. त्यांनी मलिद्याचं ताट केलं: भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलदोडा, वर फळं. प्रार्थना झाल्यावर पहिली मूठ त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

“घे. तुझा बी हात हाय यात,” त्या म्हणाल्या.

मी तो मलिदा खाल्ला. गोड होता. अजून कुठं ओला नारळ खवलेला वास आला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

श्रावण सरता सरता चुलतबहिणीच्या साखरपुड्याला मी दोन दिवस घनसावंगीला गेले. निघायची घाई होती, पातेलं कसंबसं विसळून ठेवलं. परत आले तर परसात मोठ्या टाकीएवढ्या हंड्यात पाणी खळखळत होतं आणि सिपोराबाई लाल दोऱ्याचं एकेक भांडं चिमट्यानं त्यात बुडवून काढत होत्या. ही अशी सफाई त्यांच्यात वसंतातल्या पेसाहच्या सणाआधी होते. त्याला अजून सहा-सात महिने होते.

“आत्ताच काढली, मावशी?” मी विचारलं.

“सुचलं,” त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

“आणि नानांच्या सुपाचं पातेलं?”

“बूड गळायला लागल्तं. नवं आणलं.”

त्या दिवसापासून सूप चुलीवरून थेट नानांच्या वाटीत जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. प्रार्थनासुद्धा स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणायच्या. चार दिवसांनी मला म्हणाल्या, “तुझ्या कपाटात डबा हाय ना एक, ताकतीचा. तो दे माझ्यापाशी. सकाळी दुधात घालून, थोडं थोडं करून नानांला मी देते. ओकले तर पुन्हा देईन.” मी डबा दिला. एका चमच्याला दहा मिनिटं लावून, गोष्टी सांगत, त्या नानांना ते दूध पाजायच्या. नानांना एकदाही ओकारी आली नाही.

पुढच्या आठवड्यात मी परसात ते जुनं पातेलं पाहिलं. त्यात माती भरून कढीपत्त्याचं रोप लावलेलं होतं. बुडाला पाच भोकं होती, आणि त्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या. आतून खिळा ठोकून पाडलेली भोकं. बूड गळत नव्हतं.

म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं होतं. आता एकच गोष्ट करायची होती. त्यांच्यासमोर जाऊन तोंड उघडायचं. मी काय केलं? त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले.

त्यांनी मात्र दर सोमवारी आणि गुरुवारी जेवण बंद केलं. सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. त्यांनाही साखरेची गोळी चालू होती. मी रागावले, विश्वस्तांना फोन करायची धमकी दिली, नोंदवहीत लिहिलं: ‘सिपोराबाई आहाराबाबत सहकार्य करत नाहीत.’ ही ओळ माझ्या अक्षरात अजून आहे.

“कशाचे उपास आहेत हे?” मी विचारायचे.

“हिशेब हाय माझा,” त्या म्हणायच्या.

मग दारफाळणीचा सण आला. वर्षातला सगळ्यांत मोठा उपासाचा दिवस, दारं लावून देवापुढं उभं राहायचं, पांढरे कपडे घालून. त्याच्या आदल्या दिवशी हे लोक एकमेकांची माफी मागतात. सिपोराबाई एकेकापुढं हात जोडत फिरत होत्या. आठही जण, दोन्ही स्वयंपाकिणी, फाटकावरचा वॉचमन. मग स्वयंपाकघरात माझ्यापुढं आल्या.

“वंदना, वर्षभरात माझ्या हातून, तोंडातून काही गेलं असंल तर माफ कर.”

“असं काय, मावशी,” मी म्हणाले. “तुम्हीच मला माफ करा.”

“कशाबद्दल?”

मी ओट्यावरची वाटी सरकवली. मग म्हणाले, “असंच. सगळ्याबद्दल.”

“सगळ्याबद्दल माफी नसती, पोरी. एकेक सांगावं लागतं,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. घाई नव्हती त्यांना. हात जोडलेलेच होते. मी पाटीकडं बघितलं, फडक्यांकडं बघितलं.

“गॅसवर दूध ठेवलंय मी,” म्हणाले आणि निघून गेले. गॅसवर काही नव्हतं.

हिवाळ्यात एका सोमवारी, सूर्य मावळायला थोडंच राहिलेलं असताना, सिपोराबाई घेरी येऊन मोरीपाशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा ठाण्याहून आला, गाडी घेऊन, आईला कायमचं न्यायला. आठ म्हातारे ओळीनं फाटकाशी उभे होते. नाना काठी टेकून सगळ्यांत पुढं. सिपोराबाईंना मागच्या सीटवर उशांना टेकवून बसवलं होतं. मुलगा सामान बांधत होता. मी खिडकीशी गेले आणि तेव्हा कुठं, सगळं होऊन गेल्यावर, माझं तोंड उघडलं.

“मावशी, ते सूप. मी त्यात...”

“मला म्हाईत हाय. पातेल्याच्या काठाला सायीवानी धरलं होतं. तू गावाला गेल्ती तवा दिसलं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोलले असते तर नानांला कळलं असतं. तवा ते नुकते उठून राह्यले होते. आन् मीच तर रोज बराबर म्हन्ले ना त्यांला? माझ्याच तोंडानं.” त्यांनी माझा हात धरला. हात तसाच होता, लसणाचा आणि साबणाचा वास. “तू मला इचारलं असतं ना वंदना, मी पयल्याच दिवशी डबा घेतला असता. सकाळी भरवलं असतं. एवढंच होतं ते.”

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

“उपास सोडा आता,” मी म्हणाले. “पाया पडते तुमच्या. माझ्यासाठी करताय ना ते? मी सांगितलं ना सगळं.”

“मला सांगून काय व्हतंय? खाल्लं नानांनं. त्यांला सांग, त्यांची माफी माग. तू सांगशील त्या दिवशी सोडंन.”

गाडी निघाली. नानांनी काठी वर केली, गार्डानं झेंडी दाखवावी तशी.

त्यानंतर शनिवार सोडून रोज सकाळी गॅस पेटवायला नाना वॉकर घेऊन स्वयंपाकघरात यायचे. दोन-तीन काड्या जायच्या. संध्याकाळी सुपाची वाटी मी घेऊन जायचे. आता किल्ल्या माझ्यापाशी होत्या. नाना माझ्याकडं बघायचे.

“बराबर हाय ना?”

“बराबर आहे, नाना.”

आणि ते बराबर असायचं. मी जीव ओतून बराबर ठेवत होते. पाटीवरची वेळ एक मिनिट इकडची तिकडं होऊ दिली नाही. पण रोज सांगायचं ठरवून वाटी घेऊन जायचे आणि रोज तेवढंच बोलून परत यायचे. एकदा धीर करून म्हटलं, “नाना, एक गोष्ट सांगायची होती.” ते म्हणाले, “सूप थंड व्हईल. आधी बराबर हाय का ते सांग.” मी बराबर म्हटलं आणि गोष्ट राहून गेली. ज्या माणसाला आयुष्याच्या शेवटी एकाच गोष्टीची खात्री उरली आहे, ती त्याच्या हातातून कशी काढून घ्यायची? हे मी तेव्हा दयेपोटी म्हणत होते. दयेच्या नावाखाली मी आधीही काय केलं होतं ते आठवत असूनही.

शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे त्यांचा पाळायचा शनिवार, लागायच्या आधी, सिपोराबाईंचा फोन यायचा. मुलगा व्हिडिओ लावून द्यायचा. सगळ्यांची चौकशी व्हायची, मग शेवटी मला: “सांगितलंस?”

“अजून नाही, मावशी.”

“बरं,” त्या म्हणायच्या. कधी टोचून बोलल्या नाहीत. फक्त दर शुक्रवारी चेहरा थोडा थोडा लहान झालेला असायचा. त्यांची सून एकदा मला वेगळा फोन करून म्हणाली, “ताई, तुम्ही तरी सांगा त्यांना. सोमवार-गुरुवार काही तोंडात घालत नाहीत. डॉक्टर म्हणतात, असं चाललं तर जखम भरणार नाही.”

त्या महिन्यात नाना गेले. पहाटे, झोपेतच. चेहरा शांत होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी वाटी पूर्ण संपवली होती, माझ्या शब्दावर.

पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. चार दिवसांनी ठाण्याहून फोन आला. शुक्रवार नव्हता. पडद्यावर सिपोराबाई, उशांना टेकलेल्या, चष्म्याची दोरी गळ्यात, गालांची हाडं वर आलेली. नानांबद्दल बोललो. त्यांनी डोळे पुसले. मग नेहमीचा प्रश्न विचारला, पण आवाज वेगळा होता. आता नाही तर कधीच नाही, हे त्यांनाही कळत होतं.

“सांगितलंस?”

मागं सून उभी दिसत होती, हातात ताट, वरण-भाताचं, वाफ येणारं. ती माझ्याकडं बघत होती.

“सांगितलं,” मी म्हणाले. “जायच्या आदल्या दिवशी.”

“सगळं?”

“सगळं.”

“काय म्हन्ले?”

“म्हणाले,” मी म्हणाले, “बराबर हाय.”

सिपोराबाई पुष्कळ वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. फोनच्या पडद्यावर माणसाचे डोळे नक्की कुठं बघतात ते कळत नाही, म्हणून मी खाली बघितलं नाही. मग त्यांनी सुनेला हात केला. सुनेनं ताट मांडीवर ठेवलं. त्यांनी भात कालवला, सावकाश. घास उचलला आणि तोंडाशी नेऊन थांबल्या.

“बराबर हाय ना, वंदना?”

सोमवार होता, दुपारचा एक वाजला होता.

“बराबर आहे, मावशी,” मी म्हणाले, आणि त्यांनी घास तोंडात घातला.